सात टक्के गेले कुठे? जर्मेनियमची गोष्ट

हे स्टीलसारखं करडं खनिज दिसतंय ना, याचं नाव आर्जिरोडाइट. 1885 मध्ये जर्मनीत फ्रायबर्गजवळच्या हिमेल्सफ्युर्स्ट नावाच्या चांदीच्या खाणीत हे सापडलं आणि तिथल्याच मायनिंग अकॅडमीतल्या रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंकलरकडे अ‍ॅनालिसिसला आलं. चांदी निघाली साधारण 75 टक्के, गंधक 17-18, थोडंफार लोखंड, जस्त, पारा, पण सगळ्याची बेरीज काही केल्या 93 च्या पुढे सरकेना. परत केलं, परत तेच. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता जाऊ दे, इकडेतिकडे होतंच, पण 7 टक्के म्हणजे काही इकडेतिकडे नाही, आणि हा माणूस काही महिने तेच धरून बसला.

सापडत का नव्हतं, तर त्या काळची रीत अशी की खनिज सोडा आणि गंधकाबरोबर वितळवायचं, पाण्यात उतरवायचं आणि मग अ‍ॅसिड टाकून एकेक सल्फाइड, म्हणजे धातू आणि गंधकाचं संयुग, खाली बसवायचं. या हरवलेल्या पठ्ठ्याचं, म्हणजे जर्मेनियमचं, सल्फाइड थोड्याथोडक्या अ‍ॅसिडला दाद देत नाही, आणि चुकून बसलंच तर धुताना साध्या पाण्यात विरघळून गाळणीतून निघून जातं. शेवटी 6 फेब्रुवारी 1886 ला विंकलरने गाळून उरलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड हात सैल सोडून ओतलं आणि पांढरा फुगीर साका तयार झाला. तो हायड्रोजनमध्ये तापवला आणि हातात आला नवा धातू, जर्मेनियम.

मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या रशियन मेंडेलीवने 1871 मध्येच सांगून ठेवलं होतं की त्या तक्त्यात सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या घरात अणुभार 72 चं काहीतरी येणार, विंकलरला मिळाला 72.32. पण मला त्यातलं दुसरं भाकीत जास्त आवडतं, की याचं क्लोराइड 100 अंशांच्या आतच उकळेल. खरंच उकळतं, 85 च्या आसपास!

आता ही एकच गोष्ट लॅबवाल्याला रडवते आणि कारखान्याला पोसते. सॅम्पल उघड्या बीकरमध्ये हायड्रोक्लोरिक घालून हॉटप्लेटवर ठेवलं की जर्मेनियम वाफ होऊन उडालंच समजा, मग आयसीपी-एमएस हे सॅम्पलमधली मूलद्रव्यं मोजणारं मशीन कितीही महागाचं असू दे, जे बीकरमध्येच नाही ते मशीन कुठून दाखवणार. म्हणून सॅम्पल बंद टेफ्लॉनच्या भांड्यात, नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवतात.

कारखान्यात उलटं, तिथे मुद्दाम उडवतात. जर्मेनियमची अशी वेगळी खाण जवळजवळ नसतेच, ते येतं जस्ताच्या रिफायनरीतल्या गाळातून नाहीतर कोळशाच्या राखेतून, तेही थोडंसंच. त्यात हायड्रोक्लोरिक टाकायचं, वर क्लोरीन सोडायचा म्हणजे त्यात मिसळलेलं नको असलेलं आर्सेनिक खालीच अडकून राहतं, आणि क्लोराइड डिस्टिल करून घ्यायचं. ते पाण्यात सोडलं की पांढरी ऑक्साइड पावडर, हायड्रोजनमध्ये तापवली की धातू. फायबर ऑप्टिकवाल्यांना तर धातू लागतच नाही, ते क्लोराइडची वाफच थेट वापरतात, त्यातून फायबरच्या गाभ्याच्या काचेत जर्मेनियम ऑक्साइड उतरतं आणि प्रकाश आतल्या आत धरून राहतो.

1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समधला पहिला ट्रान्झिस्टर याच धातूचा, पण ती जागा पुढे सिलिकॉनने घेतली. आज मोठी मागणी आहे ती इन्फ्रारेड लेन्सला. ही लेन्स बघा, डोळ्यांना चक्क आरशासारखी, आरपार काही म्हणजे काही दिसत नाही, पण अंगातून निघणारी उष्णतेची किरणं हिच्यातून सरळ जातात, म्हणून थर्मल कॅमेऱ्याला आणि रात्री बघायच्या लष्करी दुर्बिणींना ही लागते. सॅटेलाइटच्या सोलर सेलखालीसुद्धा याचीच पातळ चकती असते.

म्हणूनच चीनने ऑगस्ट 2023 पासून निर्यातीला लायसन्स लावलं तेव्हा लष्करी ऑप्टिक्सवाल्यांची धावपळ झाली, कारण सगळ्यात मोठा उत्पादक तोच. तसा हा धातू कोणी वाया घालवत नाही, जगात वापरात येणारं साधारण 30 टक्के जर्मेनियम रिसायकलचंच असतं. लेन्स घासताना पडलेला चुरासुद्धा झाडून गोळा करतात आणि परत त्याच क्लोरीनच्या भांड्यात टाकतात.