कन्सोलखालचा डबा

(गॅरेजचालक आणि गाडीमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे ती इथल्या बऱ्याच गाडीमालकांनी कधी डोळ्यांनी पाहिलेली नसेल. बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास, कन्सोलखाली, तळाच्या पत्र्याला बोल्टने आवळलेला तळहाताएवढा एक डबा असतो. त्याच्यावर बाण असतो आणि त्या बाणाचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला असावं लागतं. त्याचे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे सॉकेट, सहसा पिवळे. हा एअरबॅगचा ईसीयू, म्हणजे बॅग कधी उडवायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट. गॅरेजमध्ये कुणी त्याला मॉड्युल म्हणतं, कुणी एसआरएस युनिट. मी आपला डबाच म्हणतो.

प्रश्न नेहमीचाच आहे. गाडी ठोकली, एअरबॅग उघडल्या. डेंटिंग-पेंटिंग झालं, बॅगा नव्या आल्या, तरी मीटरमधला एअरबॅगचा दिवा काही विझत नाही. गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर सांगतो, डब्यात क्रॅश डेटा, म्हणजे धडकेची नोंद, झालीय, डबा बदला. नव्या डब्याची किंमत ऐकून मालक गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगार गाडीतून काढलेला मिळेल, निम्म्याहून कमी पैशात. घ्यावा का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: घेऊ नका. एक अडचणीची परिस्थिती अशी आहे की जिथं मी इतकं ठामपणे बोलणार नाही, तिच्याकडे नंतर येतो. आधी कारण समजून घ्या, कारण ‘जुना पार्ट वाईट’ असं माझं म्हणणं नाही. जुनं अल्टरनेटर, जुना दरवाजा, जुना गिअरबॉक्ससुद्धा मी बिनधास्त लावायला सांगेन. तो बिघडला तर तुम्हाला कळेल. हा डबा बिघडलेला असला तर कळायची वेळ एकच, आणि त्या वेळी तुम्ही स्टिअरिंगसमोर बसलेले असाल.

डबा करतो काय? त्याच्या आत वेग किती झपाट्यानं घटतोय हे मोजणारा सेन्सर असतो. समोरून धडक बसली की साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत त्याला ठरवावं लागतं, बॅग उडवायची की नाही. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. आणि नुसता दणका मोजून भागत नाही. आपल्या रस्त्यांवर चाक खड्ड्यात आदळतं तेव्हाही दणका बसतोच, फुटपाथवर गाडी चढवताना बसतो, खालून दगड लागतो तेव्हा बसतो. तेव्हा बॅग उडून चालणार नाही. ट्रकच्या मागच्या बाजूला गाडी घुसली तर मात्र उडालीच पाहिजे. दणक्याचा चढ-उतार बघून हा फरक ओळखायचा, हे त्याचं खरं काम. तो चढ-उतार प्रत्येक गाडीचा वेगळा: बोनेट किती लांब, पुढच्या चेसिस मेंबर, म्हणजे सांगाड्याच्या पट्ट्या, कशा दुमडतात, गाडीचं वजन किती. कंपनी प्रत्यक्ष गाड्या भिंतीवर आदळवते आणि त्यातून आलेली आकडेमोड डब्यात भरते. म्हणून बाहेरून हुबेहूब दिसणारे, एकाच कारखान्यात बनलेले दोन डबे आतून दोन वेगळ्या गाड्यांचे असतात. एका मॉडेलमध्येसुद्धा दोन बॅगांचा व्हेरियंट आणि सहा बॅगांचा व्हेरियंट यांचे डबे वेगळे असू शकतात. पार्ट नंबरच्या शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तर ‘तेवढं चालतं’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आता दिव्याचं बघू. चावी फिरवली की तो लागतो, डबा स्वतःची तपासणी करतो आणि काही सेकंदांनी दिवा विझतो. या तपासणीत तो काय बघतो? बॅग उडवणाऱ्या पेटवणीचा, म्हणजे स्क्विबचा, रोध ठीक आहे का. तो साधारण दोन ओहमच्या आसपास असतो. वायर तुटलीय का, शॉर्ट झालीय का. बॅटरीचा दाब पुरेसा आहे का. स्वतःची मेमरी वाचता येते का. बस्स. आपण योग्य गाडीत बसलोय का, हे फार तर चासी नंबर पडताळून त्याला कळेल, तेही काही गाड्यांतच. या गाडीचा पत्रा कसा दुमडतो हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. त्यामुळे ‘दिवा विझला, काम झालं’ हे वाक्य गॅरेजमध्ये जितकं ऐकू येतं तितकं ते खरं नाही.

आणि दिवा विझवायला तर डबाही लागत नाही. बॅगच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर जोडला की डब्याला वाटतं बॅग आहे. दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडली की इंजिन चालू होताच दोन्ही एकत्र विझतात. हे उद्योग करणारे लोक आहेत, आणि इथं बसलेल्या काहींना ते नावानिशी ठाऊक असतील. असो.

जुना डबा येतो कुठून, याचाही विचार करा. गाडी भंगारात जाते तेव्हा ती सहसा एकतर ठोकलेली असते, नाहीतर बुडालेली. ठोकलेली असेल तर डब्यात तिचा क्रॅश डेटा असतो आणि तो पुष्कळ गाड्यांत साध्या स्कॅनरने पुसता येत नाही. मग आतली मेमरी चिप लॅपटॉपवर वाचून, दुसऱ्या डब्यातली फाइल तिच्यात टाकली जाते. ती फाइल कुठल्या व्हेरियंटची, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. बुडालेली असेल तर आणखी वाईट. २६ जुलै २००५ ला मुंबईत किती गाड्या पाण्यात गेल्या ते आठवा; २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर तर अनेकांनी स्वतः सोसलाय. हा डबा गाडीच्या तळाशी असतो, म्हणजे आत शिरलेलं पाणी सर्वात आधी ज्या भागांपर्यंत पोहोचतं त्यातलाच तो एक. वाळल्यावर वरून पुसला की नवा दिसतो. आतल्या सर्किटच्या पट्टीवर हिरवा गंज हळूहळू चढत राहतो.

युरोपात याचा लेखी विचार झालाय. २००५ साली युरोपीय संघानं गाड्यांच्या पुनर्वापराबद्दल एक निर्देश काढला, क्रमांक २००५/६४. त्याच्या पाचव्या परिशिष्टात पुन्हा न वापरण्याच्या भागांची यादी आहे. तिच्यात एअरबॅग, पेटवण्या, त्यांचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आणि सेन्सर हे सगळे आहेत, सीटबेल्टही आहेत. ती बंदी नव्या गाड्यांच्या बांधणीपुरती आहे, गॅरेजमधल्या दुरुस्तीला ती थेट लागू होत नाही. तरी तिथं हे भाग अशा एका यादीत बसवावेसे वाटले, यातून जे समजायचं ते समजा.

रिकॉलचा, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीनं गाड्या परत बोलावण्याचा, मुद्दा मला याहून मोठा वाटतो. जानेवारी २०२० मध्ये टोयोटानं जगभरातल्या सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. काही धडकांमध्ये निर्माण होणाऱ्या विद्युत गोंधळापासून डब्यातल्या सर्किटला पुरेसं संरक्षण नव्हतं; बॅगा अर्धवट उघडण्याची किंवा न उघडण्याची शक्यता होती. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडे मारुती सुझुकीनं १७,३६२ गाड्यांचे एअरबॅग कंट्रोलर तपासायला घेतले, आणि डबा बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं मालकांना सांगितलं. आता बघा, रिकॉल चालतो चासी नंबरावर. सुटा डबा विकत घेता तेव्हा तो ज्या गाडीतून निघाला तिचा चासी नंबर त्या गाडीबरोबरच गेलेला असतो. तो कुठल्या रिकॉलमध्ये होता का, हे कंपनीला विचारायलाही तुमच्याकडे काही उरत नाही.

आता ती अडचणीची परिस्थिती. गाडी पंधरा वर्षं जुनी, कंपनीनं तो डबा बनवणं बंद केलंय, डीलर हात वर करतो. अशा वेळी माझा कल गाडीचा स्वतःचाच डबा जाणत्या माणसाकडून रिसेट करून, म्हणजे क्रॅशची नोंद पुसून, घेण्याकडे असतो, कंपनी त्या गाडीसाठी ते सरसकट नाकारत नसेल तर. निदान आकडेमोड तरी त्याच गाडीची राहते. तेही शक्य नसेल तर मगच दुसऱ्या गाडीचा डबा. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच हवा, डबा तुमच्यासमोर न ठोकलेल्या, न बुडालेल्या गाडीतून निघालेला हवा, काढण्याआधी स्कॅनर लावून त्यात क्रॅशची नोंद नाही हे बघितलेलं हवं, आणि त्या गाडीचा चासी नंबर लिहून घेतलेला हवा. बसवल्यावर कोडिंग, म्हणजे डब्याची त्या गाडीशी जुळणी, कंपनीच्या उपकरणावर. एवढं जमत नसेल तर दिवा जळता ठेवून गाडी चालवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. निदान आपल्याला बॅग नाही हे गाडीत बसणाऱ्याला दिसतं.

मेकॅनिक मंडळींसाठी थोडं कामाचं. बॅटरीची निगेटिव्ह काढल्यावर लगेच हात घालू नका. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून डब्यात वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर असतो. तो रिकामा व्हायला वेळ लागतो. किती, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढं थांबा. पेटवणीला साधा मल्टिमीटर लावू नका. बोल्टखाली गंज किंवा रंगाचा थर राहिला तर डब्याला पत्र्याचा दणका नीट पोहोचत नाही, म्हणून जागा घासून घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा. डबा सुटा असताना कपलर लावून चावी कधीही फिरवायची नाही. हातातला हिसकासुद्धा तो धडक समजू शकतो. पहिल्यांदा चावी फिरवताना आत कुणी बसलेलं नको. आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत बेल्ट आवळणारे भाग, उडालेत का ते बघा. डबा नवा आणि बेल्ट जुनेच, अशा गाड्या मी बऱ्याच पाहतो.

पैशांचंही बोलायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. साध्या सर्वसमावेशक विम्यात एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो. डब्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोड-संरक्षण, नसलेल्या मालकाला म्हणून एवढा फटका बसतो, आणि तो जुन्या मालाकडे वळतो. त्यातून दुसरा गैरप्रकार निघतो: बिल नव्या डब्याचं, गाडीत काढलेला. म्हणून बिलावर पार्ट नंबर आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, आणि डब्यावरच्या स्टिकरचा फोटो कन्सोल बंद होण्याआधी मागा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं करून बघावं. चावी फक्त ऑनवर न्या, इंजिन लावू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा इंजिन लावल्याशिवाय विझलाच नाही, तर बयाणा देण्याआधी कन्सोल उघडून दाखवायला सांगा.