मालकी आपली, पागा दुसऱ्याची

(पागेच्या अर्ध्या दारावरून घोडी बाहेर पाहते आहे. सकाळचा तिरपा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे.)

या कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाच्या, घोडीचे वय २१ वर्षे आहे. डोळ्यांच्या वरचे खळगे खोल झाले आहेत, कपाळावर करडे केस उतरले आहेत आणि पाठीचा मधला भाग थोडा खचला आहे. तरीही दाराची कडी वाजली की तिचे दोन्ही कान क्षणात पुढे वळतात. सातव्या वर्षी ती या पागेत आली आणि तेव्हापासून सलग १४ वर्षे तिच्या पाठीवर एकच स्वार बसत आला. त्या स्वार, म्हणजेच तिच्या मालकीणबाई, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आता खोगिरात बसू शकत नाहीत आणि रोजचा खरारा, दाणा-वैरण, रपेट हे सगळे त्यांच्याने होत नाही. घोडीलाही पूर्वीच्या उड्या आणि लांबच्या दौडी झेपत नाहीत. हलके काम मात्र तिला हवेच आहे, आणि ते तिला देऊ शकेल अशा माणसाच्या शोधाची ही हकिगत आहे.

घोडा विकला की मालकी संपते आणि त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलण्याचा आपला हक्कही संपतो. सांभाळायला देण्यात, ज्याला स्वार मंडळी ‘लोनवर देणे’ म्हणतात, घोडा दुसऱ्याच्या पागेत राहतो, त्याचा रोजचा खर्च आणि त्याच्या सहवासाचे सुख ही दोन्ही सांभाळणाऱ्याच्या वाट्याला येतात, पण कागदोपत्री तो आपलाच राहतो. नीट निगा राखली तर घोडा २५ ते ३० वर्षे जगतो, आणि साधारण १५ वर्षांनंतर त्याला वयस्क मानले जाते. म्हणजे वयस्क म्हणून काढायचा काळही चांगला लांबलचक असू शकतो. म्हणूनच ‘हिला कोण नेईल’ या प्रश्नाआधी ‘हिला आज काय लागते’ हा प्रश्न विचारला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. मालकीणबाईंनीही सुरुवात तिथूनच केली.

(पशुवैद्य घोडीचा वरचा ओठ हळूच उचलतात. कॅमेरा दातांच्या अगदी जवळ जातो.)

वरच्या ओळीतल्या पुढच्या दातांपैकी सर्वांत कडेच्या दातावर जी उभी काळपट रेघ दिसते आहे, ती गॅल्वेनची खाच. घोडा दहा वर्षांचा होतो तेव्हा ती हिरडीपाशी उगवते, पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते, आणि मग वरून पुसली जाऊ लागते. या घोडीच्या दातावर रेघ टोकापर्यंत आली आहे आणि हिरडीलगत ती नुकतीच फिकी पडू लागली आहे. हा वयाचा केवळ अंदाज असतो, पण कागदावरच्या वयाशी तो जुळतो का, हे पाहण्यास उपयोगी पडतो.

याहून महत्त्वाचे जे आहे ते मागे, दाढांमध्ये आहे. घोड्याचा दात वर्षाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर झिजतो आणि तेवढाच हिरडीतून वर सरकत राहतो. ही शिल्लक आयुष्यभर पुरवून वापरायची असते, आणि म्हातारपणी ती संपत येते. पशुवैद्यांच्या हातातली लांब कानस दाढांचे धारदार कंगोरे घासून काढते आहे. हे काम वर्षातून किमान एकदा, आणि या वयात बहुधा दोनदा, करून घ्यावे लागते. पण झिजून गुळगुळीत झालेली दाढ कानशीने परत येत नाही. मालकीणबाई ठाणाच्या कोपऱ्यातून काहीतरी उचलून आपल्याला दाखवत आहेत. सिगारसारखा लांबट, लाळेने ओला असा तो गवताचा गोळा आहे. घोडीने तो तोंडात फिरवला, चावून बारीक झाला नाही म्हणून टाकून दिला. आठवड्यातून असे दोन-तीन गोळे सापडतात, असे त्या सांगतात. पुढच्या घरी कोणी असा गोळा पाहून तो केर समजून झाडून टाकू नये, एवढ्यासाठी आम्ही तो इतका जवळून चित्रित केला आहे.

त्यानंतर तिला कडक जमिनीवर सरळ रेषेत आधी चालवले जाते, मग दुडक्या चालीने नेले जाते. पहिल्या फेरीत मागचा डावा पाय आखडलेला दिसतो. पाचव्या फेरीत तो बराच सुटलेला दिसतो. वयोमानाने सांध्यांना आलेला हा ताठरपणा आहे, आणि ठाणात कोंडून ठेवल्यास तो वाढतो. म्हणून दिवसाचा मोठा भाग मोकळ्या आवारात हिंडायला मिळणे ही या घोडीची पहिली गरज ठरते, आणि उत्तम बांधणीची पागा दुसरी. पशुवैद्य तिच्या अंगावरचा केसही पारखून पाहतात, कारण हंगाम बदलूनही लांब, कुरळा केस गळला नाही तर पीपीआयडी, म्हणजे जुन्या बोलीतल्या कुशिंगच्या विकाराची शंका येते. हा विकार वयस्क घोड्यांत बऱ्याचदा आढळतो; तो मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा असतो, रोजच्या गोळीने ताब्यात राहू शकतो, परंतु त्याच्याबरोबर खुरांच्या आतल्या पडद्यांना सूज येण्याचा, म्हणजे लॅमिनायटिसचा, धोका वाढतो. रक्ताचा नमुना पाठवला होता. या घोडीचा अहवाल स्वच्छ आला आहे. अहवालाची प्रत मात्र नव्या घराच्या कागदांत ठेवली जाणार आहे.

खोगिराची बाब अनेकदा विसरली जाते. वयाबरोबर पाठीचे स्नायू उतरतात, खांद्याचा उंचवटा हाडकतो, आणि दहा वर्षांपूर्वी नेमके बसणारे खोगीर आता त्याच जागी टोचू लागते. येथे दिसते आहे त्याप्रमाणे खोगिराखाली हात सरकवून पाहिला तेव्हा उजव्या बाजूला बोटे अडकली. खोगीर दुरुस्तीला गेले. छातीच्या घेरावरून वजनाचा अंदाज देणाऱ्या फितीप्रमाणे घोडी ४८० किलोची आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त भार असू नये, हा पुष्कळ ठिकाणी पाळला जाणारा ठोकताळा आहे. या पाठीसाठी पशुवैद्यांनी तो १५ टक्क्यांवर आणला, म्हणजे खोगिरासकट ७२ किलो.

(मेजावर एक कागद आहे. पेनाने एक ओळ खोडली जाते.)

इतके सगळे कळल्यावर मग जाहिरात लिहिली गेली. मालकीणबाईंनी आधी ‘शांत स्वभाव, कोणालाही चालेल’ असे लिहिले होते. ती ओळ त्यांनी स्वतःच खोडली. तिच्या जागी त्यांनी लिहिले, ‘मोठ्या वाहनांना बिचकत नाही. नालबंदासमोर मागचा डावा पाय फार वेळ उचलून धरत नाही, त्याला मध्ये विश्रांती द्यावी लागते. एकटी ठेवली तर जेवत नाही आणि रात्रभर दारापाशी येरझाऱ्या घालते. आठवड्यातून तीन वेळा, सपाट वाटेवर, मुख्यतः चालीने आणि थोडी दुडकी. उड्या नाहीत.’ असे लिहिल्याने विचारणा कमी आल्या, हे खरे आहे. पण ज्या आल्या त्यांतला प्रत्येक माणूस घोडीचे दुखणे-खुपणे वाचून आलेला होता, आणि आमच्या दृष्टीने जाहिरातीचे तेच काम आहे.

एकंदर तीन घरे पाहिली गेली, त्यांपैकी दोन येथे दिसतात.

पहिले घर देखणे आहे. रंगवलेली दारे, धुतलेली फरशी, भिंतीवर ओळीने टांगलेले लगाम. मंडळी मनाने चांगली होती, त्यांनी एकही प्रश्न टाळला नाही, आणि घोड्यांची अंगेही भरलेली होती. परंतु आवार लहान असल्यामुळे घोडे दिवसातले २० तास ठाणात राहत होते आणि आठवड्यातले पाच दिवस त्यांच्यावर शिकाऊ मुले बसत होती. पाच वर्षांच्या तगड्या घोड्याला हे मानवले असते. मालकीणबाईंनी आभार मानले आणि नकार त्याच दिवशी कळवला.

(कुरणाच्या कडेचे लाकडी कुंपण. मालकीणबाई चालत चालत एकेक खांब हाताने हलवून पाहतात.)

हे तिसरे घर आहे, आणि येथे आपण थोडे थांबू. मालकीणबाई पागेत आधी शिरत नाहीत. त्या कुंपणाचा प्रत्येक खांब हलवून पाहतात, सुटलेली तार किंवा खिळा कुठे आहे का ते शोधतात, फाटकापाशी चिखल साचतो का हे विचारतात, कुरणात विषारी झुडपे नाहीत ना याची खात्री करतात. पाण्याच्या हौदात त्या कोपरापर्यंत हात घालतात आणि तळाशी शेवाळ आहे का ते चाचपतात, कारण घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागते आणि बेचव पाणी तो पीत नाही. मग त्या आधीपासून तेथे असलेल्या घोड्याकडे वळतात. तो १८ वर्षांचा, खच्ची केलेला, सावकाश हालचालींचा घोडा आहे. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला की त्या लागतात, पण दिसत नाहीत. खूर समतोल आहेत, नाला सैल झालेल्या नाहीत. नव्या माणसाची सर्वांत खरी ओळख त्याच्या जुन्या घोड्याच्या अंगावर लिहिलेली असते. येथील ताईंनी नालबंदाचा आणि पशुवैद्यांचा नंबर न मागता पुढे केला, आणि दोघांनाही फोन करण्यात आला.

स्वारीची परीक्षा दोनदा झाली, एकदा घोडीच्या घरी आणि एकदा नव्या वाटेवर. ताई खोगीर चढवतात तेव्हा आमचा कॅमेरा त्यांच्या बोटांवर आहे. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, त्या एका झटक्यात आवळत नाहीत; एक भोक घेतात, घोडीला चार पावले चालवतात, मग दुसरे भोक घेतात. चढण्यासाठी त्या ओट्याचा उपयोग करतात, त्यामुळे रिकिबीवर लटकून पाठीला हिसका बसत नाही. पहिली दहा मिनिटे त्या नुसत्या चालीने जातात. हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

(दोघी मेजाशी बसल्या आहेत. कागदावर बोट ठेवून ओळ ओळ वाचली जाते आहे.)

करार चार पानांचा आहे आणि त्याला संपूर्ण दुपार लागली. घोडीची ओळख आधी लिहिली आहे, मायक्रोचिपचा क्रमांक, रंग, अंगावरच्या खुणा आणि आजच्या तारखेचे चारही बाजूंचे फोटो. मालकी मालकीणबाईंचीच राहील. घोडी विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, तिसऱ्या कोणाला सांभाळायला देता येणार नाही आणि न कळवता दुसऱ्या जागी हलवता येणार नाही. वैरण, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, दात, लसी आणि जंतांची तपासणी हा खर्च ताईंचा. मोठ्या आजाराचा आणि विम्याचा मालकीणबाईंचा. तिच्यावर कोण बसेल, किती वेळ आणि किती वजनापर्यंत, हे आकड्यांत आहे. खोगीर, म्होरकी, झुली, खराऱ्याचे सामान यांची यादी जोडली आहे. पहिले आठ आठवडे आजमावण्याचे, त्यांत कोणत्याही बाजूने एका दिवसाच्या सूचनेवर घोडी परत. त्यानंतर चार आठवड्यांची मुदत. मालकीणबाई कळवून कधीही भेटू शकतील.

शेवटच्या पानावर दोघीही थांबल्या. पोटशूळ उठला किंवा पाय मोडला, वेदना आवरता येत नाहीत असे पशुवैद्य म्हणाले, आणि मालकीणबाई फोनवर सापडल्या नाहीत, तर घोडीला शांतपणे मरण देण्याचा निर्णय कोण घेईल, हे तेथे लिहायचे होते. मालकीणबाईंनी तो अधिकार ताईंना, पशुवैद्यांच्या लेखी सल्ल्यासह, दिला. पुढे घोडी स्वारीच्या कामाची उरली नाही तर ती मालकीणबाईंकडे परत येईल की ताईंकडे नुसती सोबतीला राहील, हे दोघी मिळून ठरवतील, पण वाटा मात्र याच दोन आहेत, हेही तेथेच लिहिले गेले. असा कागद न करता दिलेले घोडे परस्पर विकले गेले आहेत, खंगले आहेत, आणि काहींचा पत्ता लागलेला नाही.

(घोडे वाहून नेणाऱ्या गाडीची फळी खाली येते. घोडी क्षणभर थांबते, फळी हुंगते, आणि चढते.)

तिच्याबरोबर दोन आठवडे पुरेल एवढी जुनी वैरण गाडीत चढवली आहे, कारण घोड्याचे आतडे अचानक बदललेला चारा सहन करीत नाही. नवा चारा सात ते दहा दिवसांत थोडा थोडा मिसळत न्यावा लागतो. पहिले तीन आठवडे ती शेजारच्या वेगळ्या आवारात राहील, जेथून जुना घोडा तिला दिसेल पण नाकाला नाक लागणार नाही, म्हणजे एखादा संसर्ग असलाच तर तो एकीकडून दुसरीकडे जाणार नाही.

(पाचवा आठवडा. घोडी आणि जुना घोडा एकाच झाडाच्या सावलीत, शेपट्या एकमेकांच्या तोंडाकडे करून उभे आहेत.)

मालकीणबाईंची ही दुसरी भेट आहे. फितीवर वजन ४६८ किलो भरते, म्हणजे १२ किलो कमी. ताई आपली वही उघडून दाखवतात. तिच्यात गवताच्या गोळ्यांची तारीखवार नोंद आहे, पहिल्या आठवड्यात तीन आणि गेल्या आठवड्यात अकरा. दंतवैद्यांची वेळ त्यांनी कालच घेतली आहे. दोघी पागेत जातात, सुके गवत निम्म्यावर आणून उरलेली भर भिजवलेल्या, मऊ चाऱ्याने काढायचे ठरवतात, आणि करारातल्या वैरणीच्या कलमापुढे नवी ओळ लिहून दोघीही तिच्याखाली सही करतात. बादलीत पाणी ओतल्याचा आवाज होतो, आणि घोडीचे दोन्ही कान पुढे वळतात.