खडकाला तोंड असतं

[दृश्य: सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा खडक. खोली 8 मीटर.]

या चौकटीत वीतभर लांबीचा एक मासा आहे. दिसत नसेल, तर तुम्ही माशाचा आकार शोधताय. नेमका तोच त्याने झालरी आणि ठिपक्यांनी मोडून टाकलाय.

डाव्या कोपऱ्यात बघा. एक आडवी रेघ, टोकं खाली वळलेली, रुसल्यासारखी. ते तोंड. त्याच्या वर डोळा. मागे अगदी हळू उघडमीट करणारं कल्ल्याचं झाकण. या तीन खुणा जुळल्या की अख्खा स्कॉर्पियनफिश दिसू लागतो.

[दृश्य: टॉर्च पेटतो. करडा ‘दगड’ लालभडक होतो.]

पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. म्हणून एवढ्या खोलीवर लाल मासा करडा-तपकिरी वाटतो. टॉर्च भर दुपारीही न्यावा, मात्र हात लांब करून तिरका धरावा. नाकासमोर धरला की पाण्यातले कण चमकतात आणि आधीच गढूळ असलेल्या मालवणच्या पाण्यात पांढरं धुकं तेवढं दिसतं.

आणि घाई नको. बरेच डायव्हर खडक ‘बघून’ पुढे जातात; मीटरभर तुकड्याला एक मिनिट तरी द्या. श्वास चालूच ठेवून बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न वर जाता न बुडता तरंगण्याचा तोल, साधा; पायातल्या फिन्स (पोहण्याचे वल्ह्यासारखे बूट) बेडकासारख्या मारा. वर-खाली मारल्या की गाळ उठतो आणि शोध तिथेच संपतो.

तोल गेला म्हणून खडकाला हात लावणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्कॉर्पियनफिशच्या पाठीवर विषारी काटे असतात. अंदमान-लक्षद्वीपकडच्या स्टोनफिशच्या, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या त्याच्या भाऊबंदाच्या, पाठीवर तर तेरा, पातळ तळाच्या बुटातूनही घुसणारे. काटा लागला तर डाइव्ह थांबवून सावकाश वर या. हे विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवा. पाणी 45 अंशांपेक्षा गरम नको, आणि ते आधी दुसऱ्या, धड हाताने तपासा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मग थेट दवाखाना.

[दृश्य: खडकाच्या पायथ्याची वाळू.]

इथे लेप हा चपटा मासा असतो. बाजारात कुणीही ओळखेल, वाळूत मात्र फक्त दोन डोळे वर. एकमेकांना खेटून बसलेले दोन खडे दिसले, तर थांबा.

[दृश्य: पुन्हा स्कॉर्पियनफिश.]

काहींच्या बाजूच्या परांची आतली बाजू पिवळी-नारिंगी असते. ती अचानक उघडून दाखवली, तर आपण फार जवळ गेलोय. हळूच मागे सरा.