केश्याला दत्त दिसला तेव्हा आईने चपला काढल्या

श्रोतेहो, नमस्कार.

आज ‘देऊळ’ या मराठी सिनेमातल्या नटांविषयी बोलणार आहे. नटांविषयी असं मुद्दाम म्हणतो. देवाचा बाजार, देवाचं राजकारण यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. पण ते सगळं आपल्या गळी उतरलं ते नटांनी उतरवलं, आणि त्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. मंगरूळ नावाचं गाव. केश्या नावाचा भोळा पोरगा गावचे पुढारी भाऊ यांची करडी नावाची गाय राखतो. एका दुपारी औदुंबराखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्त दिसतो. बातमी गावभर होते, पेपरात जाते, आणि गावात दवाखाना व्हायचा तो राहतो बाजूला, देऊळ उभं राहतं. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी. लिहिलंय गिरीश कुलकर्णींनी, आणि केश्याही तेच. भाऊ म्हणजे नाना पाटेकर, गावातले जाणते अण्णा म्हणजे दिलीप प्रभावळकर, भाऊंच्या बायको वहिनीसाहेब म्हणजे सोनाली कुलकर्णी.

सिनेमा लागला ४ नोव्हेंबर २०११ ला. आमची आई तेव्हा सत्तरीची, नागपुरात महाल भागातल्या जुन्या घरात राहायची. दत्ताची पक्की. गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण कधी चुकलं नाही, आणि वर्षातून एकदा एसटीने कारंजा लाडला जायचंच. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव ते, आपल्याच विदर्भातलं. तिला पारायणातल्या एका बाईने सांगून ठेवलं होतं की या सिनेमात दत्ताची टिंगल आहे. मी तिकिटं आणली तर म्हणाली, “मले नाई यायचं. तूच जाय.”

मी म्हटलं, अगं, गावाचं नाव मंगरूळ आहे. तर लगेच विचारते, “आपलं मंगरूळपीर? कारंजाच्या बाजूचं?” नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या एका नावावर आई ऑटोत बसली.

गुरुवार होता. आईचा उपास. बटव्यात राजगिऱ्याचे दोन लाडू बांधून घेतलेले. सीताबर्डीला उतरलो, थिएटरात जाऊन बसलो. पहिली पंधरा मिनिटं आई नुसती खुर्चीच्या कडेला बसून. टेकली नाही. माणूस उठून जायच्या बेतात असला की कसा बसतो, तशी.

मग तो प्रसंग आला. केश्या गाय शोधून दमलेला, झाडाखाली निजलेला, आणि दचकून उठतो. श्रोतेहो, इथे गिरीश कुलकर्णी काय करतात ते नीट बघा. पुन्हा कधी सिनेमा बघाल तेव्हा इथेच बघा. त्या तोंडावर भीती आहे, आनंद आहे, आणि आपल्याला काय झालं तेच न कळल्याची एक लहान मुलाची घालमेल आहे. मग दत्त दिसला म्हणत तो गावाकडे पळत सुटतो. पळणं असं की पाय कुठे पडतायत त्याचं भान नाही.

थिएटरात लोक हसले. खूप हसले. आणि त्या हसण्यात मला माझ्या शेजारी, खाली, एक बारीक आवाज आला. चप्पल फरशीवर घासल्याचा. वळून पाहिलं तर आईने दोन्ही चपला पायातून काढून खुर्चीखाली सारल्या होत्या. हात जोडलेले. डोळे पडद्यावर.

मी काहीच बोललो नाही. मध्यंतरात तिने एक लाडू मला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि म्हणाली, “तो पोरगा नाटक नाई करून राहिला. त्याले दिसला.” तेव्हा पाठ टेकून बसली ती सिनेमा संपेपर्यंत.

गंमत पुढेच आहे. पुढच्या गुरुवारी तिने स्वतःच्या पैशाने चार तिकिटं काढायला लावली आणि पारायणातल्या तीन बायका घेऊन परत गेली. ‘टिंगल आहे’ म्हणणारी बाईसुद्धा त्यात होती. परत येताना ऑटोत जो वाद रंगला तो मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून ऐकला. भाऊ वाईट की चांगला? एक म्हणे वाईट. काटोलकडच्या एक वहिनी होत्या, त्या म्हणाल्या, “वाईट कायचा बाप्पा! आमच्या दिराची हुबेहूब चाल हाय. लोकायनं ढकललं तिकडे गेला तो.” श्रोतेहो, नाना पाटेकरांच्या भाऊवर यापेक्षा नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. नानांचा चढा आवाज सगळ्यांना माहीत आहे, इथे तो आवाज त्यांनी आवरून धरलाय. भाऊला दवाखानाही मनापासून हवा असतो. गाव देवळाकडे वळलं तसा तोही वळतो, आणि ते वळणं नाना एका झटक्यात दाखवत नाहीत, थोडं थोडं करून दाखवतात.

आणि आईच्या चपला. मला पुन्हा तेच सांगायचंय. देवाधर्मावरच्या विनोदी सिनेमात नटाने भक्ताला हसायचं नसतं. प्रेक्षक हसेल, हसू द्या. केश्या करणारा नट मनातल्या मनात जरी केश्याला हसला असता ना, तर आई मध्यंतरातच घरी गेली असती. त्या भूमिकेला उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांनाही मिळाला, आणि सिनेमाला ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. नंतर ‘दंगल’मध्ये हेच गिरीश कुलकर्णी कुस्तीचे कोच म्हणून दिसले, तेव्हा आईला ओळखूच आले नाहीत.

यावरून आठवलं, सांगूनच टाकतो. आपली वऱ्हाडी, आपली नागपुरी बोली सिनेमात येते ती नोकराच्या नाहीतर बावळटाच्या तोंडी. मंगरूळची बोली आपली नाही, पण तिथे सगळं गाव त्याच बोलीत हसतं, रडतं, भांडतं. आपल्या बोलीत एखादा केश्या का नसावा? पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीची, म्हणजे तिथल्या जंगलपट्ट्यातली, नाटकं रात्र रात्र चालतात, तिथे नट काही कमी आहेत का? आणि देवाधर्माच्या दिवशी थट्टा आपल्याला नवी आहे का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिच्यामागे बडगे म्हणजे थट्टेचे पुतळे निघतात, आणि त्यांच्या पाट्यांवर कुणाकुणाची हजेरी घेतलेली असते ते सारा महाल बघतो. असो.

प्रभावळकरांबद्दल सांगायलाच हवं. दूरदर्शनवरचा चिमणराव ज्यांनी पाहिलाय त्यांना या अण्णांमधली शांतता पटकन ओळखू येणार नाही. अण्णा केश्याला सांगतात, तुला दिसलं ते तुझ्यापाशी ठेव. गावात एवढा गलका माजलेला, आणि हा माणूस हळू बोलतो. हळू बोलणारा माणूस पडद्यावर टिकवून धरायला फार ताकद लागते. सोनाली कुलकर्णींच्या वहिनीसाहेब तर आपल्या गल्लीतल्याच वाटतात. नासिरुद्दीन शाह येतात ते थोडाच वेळ.

आई पुढे सहा वर्षं होती. टीव्हीवर ‘देऊळ’ लागला की औदुंबराचा प्रसंग येण्याआधी ती पलंगाखाली पाय घालून चपला आहेत का ते चाचपायची. घरात कुठल्या असणार! मग हात जोडायची, आणि दर वेळी मला विचारायची, “करडी सापडली ना त्याले?”

सापडली, आई. केश्या निजला तो ती सापडल्यावरच.

नमस्कार.