मिलिग्रॅमपासून टनापर्यंत: आकडा आणि त्याचं एकक

नमस्कार. समोर काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार आहेत, नागपूरच्या इतवारी बाजारातले दुकानदार आहेत, फार्मसीची मुलं-मुलीही आहेत. तुमचे काटे वेगळे, पण वजनाचं एकक बदलताना गडबड साधारण एकाच जागी होते. हजाराने गुणणं-भागणं सगळ्यांना येतं. हातातला आकडा नेमका कशात आहे, ग्रॅममध्ये की किलोत, हे मधेच कुठेतरी सुटतं. आज त्यावरच बोलू.

शाळेत किलोग्रॅम, हेक्टोग्रॅम, डेकाग्रॅम अशा सात पायऱ्या पाठ करून घेतात. त्यातल्या चार आयुष्यात पुन्हा भेटत नाहीत. रोज लागणारे मायक्रोग्रॅम, क्विंटल आणि टन मात्र त्या यादीत नसतातच. हा मला शिकवण्यातला मोठा दोष वाटतो. व्यवहारापुरती ओळ अशी: मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम, ग्रॅम, किलो, टन. दर पायरी हजाराची, म्हणजे दशांशचिन्ह तीन घरं सरकतं. क्विंटल या ओळीत बसत नाही. तो १०० किलोचा, आणि १० क्विंटलचा एक टन.

सरकवायचं कुठल्या बाजूला? वस्तू तेवढीच आहे. एकक मोठं घेतलं की आकडा लहान होतो, एकक लहान घेतलं की आकडा मोठा. ४,५०० मिलिग्रॅमचे किलो करायचे असतील तर उडी मारू नका, ग्रॅमवर थांबा: ४.५ ग्रॅम. मग किलो: ०.००४५. इथे मुलं हमखास ०.०४५ लिहितात, कारण रिकाम्या घरात शून्य भरायचं राहून जातं. मधला ग्रॅम कागदावर लिहिला असेल तर ही चूक लगेच दिसते. साडेचार ग्रॅम म्हणजे किलोचा हजारावा भागही जेमतेम साडेचार वेळा. ०.०४५ किलो म्हणजे तर ४५ ग्रॅम झाले.

आता नागपूरच्या कळमना बाजार समितीतलं उदाहरण घेऊ. वजनकाट्यावर भरलेली गाडी ११,८४० किलो, रिकामी ४,४९० किलो. माल ७,३५० किलो, म्हणजे ७.३५ टन किंवा ७३.५ क्विंटल. चिठ्ठीवर "७.३५ टन" लिहिलं आणि वाचणाऱ्याने "सात टन पस्तीस किलो" वाचलं, की ३१५ किलो माल हिशेबातून गेला. टनाला ३२,००० रुपये भाव धरला तर १०,०८० रुपयांचा फरक. असं वाचलं का जातं? क्विंटलच्या सवयीमुळे. ७.३५ क्विंटल म्हणजे खरोखरच सात क्विंटल पस्तीस किलो, कारण तिथे शंभराचा हिशेब आहे. टनात आणि किलोत दशांशानंतर तीन घरं लागतात. दोन किलो पन्नास ग्रॅम हे २.०५० आहे, २.५० नव्हे. २.५० म्हणजे अडीच किलो. म्हणून माझा आग्रह आहे की किलोत आणि टनात नेहमी तीन घरं लिहा, शेवटची शून्यं असली तरी. टनाच्या चिठ्ठीवर शेजारी किलोही लिहा.

भावाचं गणित उलट्या दिशेने चालतं, हे फार थोडे सांगतात. वजनाचा आकडा क्विंटलवरून किलोवर येताना शंभरपट वाढतो. भावाचा आकडा शंभरपट घटतो. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये, म्हणजे किलोला ८०, पाव किलोला २०. संत्र्याला एक व्यापारी टनाला ३२,००० म्हणतो, दुसरा क्विंटलला ३,३००. ऐकायला पहिला भारी वाटतो. दोन्ही किलोवर आणा: ३२ आणि ३३.

बागायतदारांना सगळ्यात जास्त जपावं लागतं ते फवारणीत. फळगळ थांबवायला जिब्रेलिक आम्ल (झाडाच्या वाढीचं संजीवक) १० पीपीएम आणि युरिया १ टक्का अशी एकत्र फवारणी सांगितली जाते. पाण्यातल्या द्रावणात पीपीएम म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम. १ टक्का म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम, म्हणजे १०,००० मिलिग्रॅम, म्हणजेच १०,००० पीपीएम. आता १५ लिटरच्या पंपाचा हिशेब करा. युरिया १५ × १० = १५० ग्रॅम. जिब्रेलिक १५ × १० = १५० मिलिग्रॅम. आकडा दोन्हीकडे १५०, आणि फरक हजारपट. चिठ्ठीवर नुसतं "दोन्ही १५०" लिहून गड्याच्या हातात दिलं तर काय होईल याचा विचार करा. एकक पूर्ण अक्षरांत लिहा: ग्रॅम, मिलिग्रॅम.

पुढचा प्रश्न: १५० मिलिग्रॅम मोजायचे कशाने? घरातला काटा १ ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. बोटाने चिमूट घेऊन टाकणं तर अजिबात नको; पुडीतलं १ ग्रॅम एकाच पंपात गेलं तर ते ६७ पीपीएमच्या आसपास जातं, सांगितलेल्याच्या साडेसहा पटीच्या वर. यावर सोपा उपाय मूळ द्रावणाचा. १ ग्रॅम पूड थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, नंतर पाणी घालून बरोबर १ लिटर करा. १ लिटर पाणी ओतू नका, एकूण १ लिटर भरा. आता १,००० मिलिग्रॅम १,००० मिलिलिटरमध्ये आहेत, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. पंपाला १५० मिलिलिटर मोजपात्राने घ्या. लिटरभरात सहा पंप होतात आणि १०० मिलिलिटर उरतं, ते १० लिटर पाण्याला पुरतं. द्रावण त्याच दिवशी संपवा. पाण्यात जिब्रेलिक आम्ल टिकत नाही.

पुडीवरची टक्केवारीही वाचा. ९० टक्के शुद्ध असेल तर १ ग्रॅम पुडीत ९०० मिलिग्रॅमच औषध आहे. मग १ मिलिलिटरमध्ये ०.९ मिलिग्रॅम येतं आणि पंपाला १५० ऐवजी १६७ मिलिलिटर लागतात.

फार्मसीच्या मुलांसाठी थोडक्यात. थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या औषधाची) ५० मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. ०.५ मिलिग्रॅम म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, सरळ दहापट. मायक्रोचं चिन्ह हाताने लिहिलं की मिलीसारखं दिसतं, म्हणून शब्दच लिहा. दशांशाआधी शून्य हवंच: ".५" मधला ठिपका पुसला की ५ होतात. आणि औषधाच्या मात्रेत शेवटचं शून्य नको: "५.०" चे ५० वाचले जातात. मघाशी टनाच्या चिठ्ठीवर मी शेवटची शून्यं लिहायला सांगितली आणि इथे नको म्हणतो, कारण धोका वेगळा आहे. तिथे घरं मोजायची असतात, इथे ठिपका नजरेतून सुटतो.

सराफ्यात दोन एककं शेजारी नांदतात. सोनं ग्रॅममध्ये, खडा कॅरेटमध्ये. वजनाचा १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्याच्या शुद्धतेचा कॅरेट निराळा, त्याचा वजनाशी संबंध नाही. दागिना ८.४२० ग्रॅम, त्यात ०.३५ कॅरेटचे खडे. खड्यांचं वजन ०.३५ × २०० = ७० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०७० ग्रॅम. निव्वळ सोनं ८.३५० ग्रॅम. कुणी ०.३५ हा आकडा ग्रॅम समजून वजा केला तर ८.०७० उरतात, २८० मिलिग्रॅम कमी. दहा ग्रॅमला एक लाख रुपये भाव धरा: १ मिलिग्रॅमला १० रुपये पडतात, म्हणजे दागिना मोडायला आलेल्या माणसाचे २,८०० रुपये गेले. पावतीवर एकूण वजन, खड्यांचं वजन आणि निव्वळ वजन अशा तीन ओळी मागून घ्या, आणि तिन्ही ग्रॅममध्ये.