पितळी वाजली की

[दृश्य: पहाट. द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याचं खुराडं. दार बंद.]

कडी अजून निघालेली नाही, तरी आतली गडबड ऐका. मावशींची चप्पल ओट्यावरून खाली उतरली तेव्हापासून हे सुरू आहे. पत्र्यावर नखं वाजतायत, एकीवर दुसरी चढतेय, आणि मागून कोंबडा सगळ्यांवर ओरडतोय.

कडी निघाली.

[दृश्य: मंद गती. कोंबड्या कॅमेऱ्याच्या दिशेनं धावत येतात.]

नाशिकच्या मखमलाबाद शिवारातला हा मळा. पंख अर्धे उघडे, मान पुढे, आणि सगळ्याजणी एकाच दिशेला. मावशींकडे.

कोंबड्या माणसाकडे अशा धावत का येतात? यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं: भूक, दुसरं काय? ते अर्धं बरोबर आहे. कोंबडी रात्री काही खात नाही. झोपण्यापूर्वी गळ्याखालच्या पिशवीत साठवलेला दाणा पहाटेपर्यंत संपलेला असतो. पण हे दुपारचं दृश्य पाहा. मावशींच्या हातात पितळी नाही, कणी नाही. नुसत्या वाळवणाकडे निघाल्यात. आणि मागे ही अख्खी वरात.

म्हणून आधी या कोंबड्याकडे बघू.

[दृश्य: जवळून. कोंबडा दाणा उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो.]

दाणा त्याला सापडलाय, पण तो खात नाही. उचलतो, खाली टाकतो, मान वरखाली करतो, आणि घशातून टुक-टुक-टुक असा आवाज काढतो. कोंबड्या धावत येतात आणि तो दाणा त्यांतलीच एक टिपते. हा दिलदारपणा नव्हे. जो खायला घालतो, त्याच्याजवळ कोंबड्या राहतात. आसपास कोंबडी असली की ही हाक जास्त ऐकू येते. काही महाशय तर दाणा नसतानाही हाक मारतात, खडा दाखवून. पण सारखी थाप मारणाऱ्याकडे कोंबड्या पुढे लक्ष देईनाशा होतात. आणि दाणे कुठे पडलेत हे जिला आधीच माहीत आहे, तिच्यावर या हाकेचा फारसा परिणाम होत नाही. म्हणजे ती नुसता आवाज ऐकत नाही, त्यातून बातमी घेते. कोंबडीला अक्कल नसते म्हणणाऱ्यांनी हा तुकडा पुन्हा एकदा पाहावा.

आता मावशींची हाक ऐका.

[आवाज: पितळीवर चमचा. “ती-ती-ती-ती!”]

छोटे, तुटक, एकामागोमाग एक आवाज. अमेरिकेत 1953 साली निकोलस कोलियास आणि मार्टिन जूस यांनी कोंबड्यांच्या आवाजांचे आलेख काढून अभ्यास केला. पिल्लांना जवळ ओढणारे आवाज त्यांना असेच सापडले: आखूड, खालच्या पट्टीतले आणि पुन्हा पुन्हा येणारे. मावशींनी हा आलेख पाहिलेला नाही. त्यांच्या सासूबाई अशीच हाक मारायच्या, एवढंच त्यांना माहीत.

आणि हाकेमागून दाणे येतात, हे या मळ्यात रोज घडतं. मग दाण्याच्या आधीची प्रत्येक गोष्ट कोंबडीच्या लक्षात राहते: चप्पल, कडी, पितळी, शेवटी मावशी स्वतः. काहीतरी चांगलं येणार हे कळलं की कोंबडी शांत उभी राहत नाही. मान भराभर हलते, पावलं उगाच पडतात. आपण जिला आनंद म्हणतो ती धांदल बरीचशी या वाट पाहण्याची आहे.

[दृश्य: काळी कोंबडी मान तिरकी करून कॅमेऱ्याकडे बघते.]

ही मान वाकडी का करते? डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नीट पाहायचं तर एका वेळी एकच डोळा रोखावा लागतो, आणि दोन्ही डोळ्यांची कामंही सारखी नाहीत. दाणा आणि खडा वेगळा करायला प्रामुख्यानं उजवा. आकाशातली घार, अनोळखी हालचाल यांसाठी डावा. याची सुरुवात अंड्यातच होते. शेवटच्या दिवसांत पिल्लू असं वळून बसलेलं असतं, की उजवा डोळा कवचाकडे आणि डावा अंगाखाली झाकलेला. आई अंड्यांवरून उठली की जो उजेड झिरपतो, तो उजव्यालाच मिळतो.

[दृश्य: पैठणी नेसलेल्या मावशी. कोंबड्या पांगतात.]

हे लग्नाच्या दिवशीचं. रोज गाऊनवर दिसणाऱ्या मावशी येवल्याची पैठणी नेसून अंगणात आल्या आणि रोजची वरात पळाली भिंतीकडे! कोंबड्या एकमेकींना ओळखतात ते मुख्यतः तुरा आणि चेहऱ्यावरून. एखादीचा तुरा वेगळा दिसायला लागला, तर कळपातल्याच तिला परकी समजून टोचतात. माणूस ओळखतानाही त्या चेहरा आणि एकूण रूप पाहतात. मग काठापदराच्या या बाईंवर विश्वास का ठेवायचा? “ती-ती-ती” ऐकल्यावर मात्र दोघी परत आल्या.

[दृश्य: मावशींचा हात. तांबडी तलंग जमिनीलगत दबते.]

मळ्याला भेट देणाऱ्या प्रत्येकाला हे दृश्य आवडतं. हात पाठीवर नेला की ही तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, खाली बसते, पंख जरा फाकवते, पाठ सपाट करते. लाड करून घेते, असं पाहुणे म्हणतात. खरं तर कोंबडा जवळ आल्यावर मादी जशी बसते, ती ही बैठक. अंडी घालायचे दिवस आले की ती दिसू लागते, म्हणून मावशी लगेच कोपऱ्यातल्या टोपलीत गवत घालतात. दाणे दाखवणारा, हाक मारणारा, अंगावर सावली धरणारा: कोंबड्याच्या जागी तिनं मावशींना बसवलंय. मला तरी हे लाडापेक्षा मोठं वाटतं.

पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला साधारण एका छापील पानाएवढी जागा मिळते. धावत येणं राहू द्या, तिथं ती वळणार कुठं?

[दृश्य: दाणे पडतात. टोचाटोची.]

दाणे पडले की मात्र रांग ठरलेली. आधी ही पांढरी, मग काळी, सगळ्यात शेवटी मान सोललेली ही बारकी. कोण कुणाला टोचणार याचा असा क्रम असतो, हे नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1921 साली मांडलं. लहानपणापासून ते कोंबड्यांच्या नोंदी ठेवत. मावशी बारकीसाठी दुसरी मूठ लांब, पेरूखाली टाकतात.

मानमोडीची साथ आली तर सगळं खुराडं रिकामं होतं, म्हणून लस वेळेवर. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणानं धुवायचा. आणि आखाडात यांतल्या काहींचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

[दृश्य: गोठ्याचा कोपरा. डालग्यात बसलेली कोंबडी.]

एक मात्र धावत येत नाही. ही खुडूक बसलीय, अंड्यांवर. तोच हात, तीच मावशी. पण हात पुढे केला तर पिसं फुगवते आणि चोच मारते. दिवसातून एकदा आपणहून उठते, घाईनं दाणे टिपते, पाणी पिते आणि परत जाऊन बसते. पिल्लं निघायला 21 दिवस. तोवर पितळी वाजवून काही उपयोग नाही.