डबा तेवढाच, तेल किती?

(गणपती पेठ, सकाळ. पोती उतरवणारे हमाल.)

पगार झाले की सांगलीत किराण्याच्या याद्या निघतात. काही इथं गणपती पेठेत येतात, काही विश्रामबागेकडच्या सुपरमार्केटात. स्वस्त कुठं, यावर घरोघरी वाद, आणि वादात सगळे फक्त पाटीवरचा भाव सांगतात.

हे तेलाचे दोन डबे बघा. लांबून जुळे. एकावर १५ किलो, दुसऱ्यावर १५ लिटर. तेल पाण्याहून हलकं. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे लिटरच्या डब्यात तेल आलं १३ किलो ६५० ग्रॅम. किलोच्या डब्यापेक्षा १ किलो ३५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड लिटर कमी! दोन दुकानांच्या भावाची तुलना करताना आधी हे बघायचं. पिशव्यांचंही तसंच: लिटरच्या शेजारी आठशे-साडेआठशे ग्रॅमची पिशवी ऐटीत उभी असते.

पाकिटावर आता ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापावा लागतो. अक्षर बारीक असतं, चष्मा लागतो. शिवाय तो दर एमआरपीवरून काढलेला. दुकानानं दिलेली सूट त्यात धरलेली नसते.

(सुपरमार्केट. डाळींची मांडणी.)

आता डाळ. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. म्हणून सुपरमार्केटातसुद्धा सुट्या धान्याचे पिंप शोधावेत. साबण, धुण्याची पावडर, बिस्किटं मात्र ट्रॉलीतच भरा. या मालावर सुपरमार्केटाएवढी सूट पेठेतल्या दुकानदाराला परवडत नाही.

(मार्केट यार्ड. हळदीचे ढीग.)

हळद आणि बेदाणा मात्र सांगलीकरानं पाकिटात का घ्यावा, हे आम्हाला कळलेलं नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्या आधीच. राजापुरी हळकुंड मोडून आतला रंग बघायचा आणि दळून आणायचं. बेदाणा चिमटीत दाबून, चावून घ्यायचा. पाकिटाला ही सोय नाही.

एका छताखालच्या खरेदीचं या भागाला नवल नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरात सहकारातले नेते तात्यासाहेब कोऱ्यांच्या पुढाकारानं सहकारी 'वारणा बाजार' उभा राहिला, तेव्हा मॉल हा शब्द गावाकडं कुणी ऐकलाही नव्हता.

सुपरमार्केटाच्या गारव्यात, आपल्या हातानं निवडून घेण्यात सुख आहेच. कुणी घाई करत नाही. यादीत नसलेल्या चार वस्तूही ट्रॉलीत येतात, तो भाग वेगळा. पेठेत तसं फिरता येत नाही, पण चिठ्ठी टाकली की माल घरपोच, पैसे पगाराला. आणि डाळीत सोंडे निघाले तर ओळखीचा दुकानदार बिल मागत नाही. सुपरमार्केटात बिल दाखवावं लागतं. तेवढं डाळ उघडेपर्यंत फेकू नका.